सुटी किल्ली

एकाच दिवसात तिसऱ्यांदा गाडी बंद पडली तेव्हा दाजींनी मागच्या टेम्पोवाल्याचं नाक फोडलं. त्या बिचाऱ्याची चूक एवढीच, की भर चौकात पुढची गाडी अचानक थांबली आणि त्यानं हॉर्न वाजवला. तोही एकदाच. दाजी उतरले, टेम्पोच्या खिडकीतून आत हात घातला, त्याचं डोकं स्टेअरिंगवर आपटलं आणि परत येऊन आपल्या गाडीची किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली. काही झालंच नव्हतं अशी. तिथून ते थेट ठोक्याच्या गॅरेजवर आले. शर्टाच्या बाहीवर टेम्पोवाल्याचं रक्त, आणि पहिला शब्द काय काढावा माणसानं? म्हणे, "फडकं दे. राणीच्या सीटला डाग पडेल."

राणी म्हणजे ती गाडी. लाल, लांब नाकाची, जमिनीला पोट घासेल इतकी बुटकी, दोनच माणसं बसतील अशी स्पोर्ट्स कार. ठोक्याहून वयानं मोठी. दाजींची लाकडाची वखार होती, ओंडके उचलून उचलून दंड फुगलेले, पण राणीला पुसताना तोच हात असा हलका व्हायचा, की बघणाऱ्याला वाटावं काय मायाळू माणूस आहे! घरी बायको होती. तिच्या वाट्याला या हाताचा दुसरा नमुना यायचा.

आणि ती बायको म्हणजे ठोक्याची सख्खी बहीण.

आता ठोक्याबद्दल सांगायला हवं. हे नाव त्याला कुणी लाडानं दिलेलं नव्हतं. एक तर कुठलंही यंत्र उघडायच्या आधी तो लहान हातोडीनं सगळीकडून टकटक करून कान लावायचा. दुसरं म्हणजे, तो माणसांनाही ठोकायचा. गाडी आडवी लावली म्हणून, उलट बोलला म्हणून, कधी नुसतं बघितलं म्हणून. एकदा "काय बघतोस रे" म्हणून एकाला त्यानं धू धू धुतला. नंतर कळलं, तो माणूस तिरळा होता आणि बघत होता भलतीकडेच.

हा वारसा बापाचा. बाप त्याच गॅरेजचा वस्ताद. गाडीच्या पंख्याचा एक तुटका पट्टा भिंतीवर टांगलेला असायचा, आणि पोरानं चुकीचा पाना हातात दिला की तो खाली उतरायचा. आई लवकर गेलेली. मध्ये पडायला फक्त ताई. हाडकुळी पोर ती, पण पट्टा उतरला की धावत यायची आणि भावाला पोटाशी धरून त्याच्यावर ओणवी व्हायची. पाठ तिची, वळ तिचे. बाप दमला की ती उठायची आणि म्हणायची, "रडू नको बारक्या. मला लागलंच नाही." आणि हा गाढव ते खरं मानायचा. लहान होता म्हणून सोडून देऊ. पण मोठा झाल्यावरही बरीच वर्षं मानत होता, त्याला काय म्हणायचं?

ताईचं लग्न ठरलं तेव्हा तिला द्यायला ठोक्याकडे काही नव्हतं. बापाच्या हत्यारांच्या पेटीचं एक जुनं पितळी कुलूप पडलं होतं, मुठीत मावणार नाही एवढं थोराड, किल्ली हरवलेलं. त्यानं पितळेचा तुकडा घेतला आणि कानशीनं घासून घासून नवी किल्ली बनवली. शेवटी शेवटी कानस घसरली आणि किल्लीच्या डोक्यावर एक तिरका ओरखडा उमटला. "तुझ्या कपाटाला लाव ताई," तो म्हणाला होता. "तुझ्या वस्तूंना कुणी तुला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही." ताईला एवढा आनंद झाला, की तिनं ते कुलूप तिथल्या तिथे दहादा उघडलं आणि लावलं.

तर गाडी बंद पडायला लागली आणि ठोक्याकडे यायला लागली. पहिल्या वेळी त्याला वाटलं, जुनी गाडी आहे, कुरकुर चालायचीच. मग शेजारच्या टायरवाल्या काकांनी त्याला एक दिवस हटकलं. हे काका पंक्चर काढायचे, आणि त्यांचं घर दाजींच्या घराला पाठीला पाठ लावून होतं. मधली भिंत एकच.

"काल तुझ्या दाजींची गाडी परत बंद पडली का रे?"

"तुम्हाला कोण म्हणालं काका?"

"भिंत." काका ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते, त्यांनी वर बघितलं नाही. "गाडी नीट चालली की भिंत गप्प असते. बंद पडली की बोलते. आधी त्यांचा आवाज येतो, मग तुझ्या ताईचा. काल ताईचा आलाच नाही. नुसते त्यांचेच दणके. म्हणून विचारलं."

ठोक्याच्या हातातला पाना खाली पडला. तो तसाच काळ्या हातांनी ताईच्या घरी गेला. दाजी वखारीत होते. पुढचं दार बंद, मागची खिडकी उघडी, आणि खिडकीच्या गजांमागे ताई. एक डोळा पूर्ण मिटलेला, ओठ टरारून सुजलेला. ठोक्याच्या अंगाची लाही लाही झाली. "आज त्याचा मुडदा पाडतो," तो म्हणाला. ताईनं गजातून हात काढून त्याची कॉलर धरली.

"तू चार ठोसे मारशील आणि निघून जाशील," ती म्हणाली. "मग दार लागेल आणि आत मीच असेन. मागच्या वेळी तू भांडून गेलास, त्यानंतरचे पंधरा दिवस मला विचार. तुला माझ्यासाठी काही करायचंय ना? मग ती मेली गाडी नीट कर. गाडी नीट असली की हे बरे असतात."

झालं! तोंड दाबून बुक्क्यांचा मार. ठोक्यासारखा ठोक्या, ज्याला बघून रिक्षावाले वाट सोडायचे, तो मान खाली घालून परत आला. त्या दिवसापासून त्याला एकच ध्यास लागला. राणीचा दोष सापडला पाहिजे. इंजिन बंद पडलं की ताईचं हाड मोडतं, मग इंजिन बंद पडता कामा नये. हिशेब त्याच्या दृष्टीनं इतका सरळ होता.

पण गाडी बंद पडण्यातही प्रकार असतात. पेट्रोल कमी पडलं तर इंजिन खोकतं, झटके देतं, थोडं लंगडत जातं आणि मग बसतं. राणी तशी बंद पडत नव्हती. दाजी सांगायचे, की ती पळता पळता मान मोडल्यासारखी गप्प होते आणि किल्ली फिरवली की लगेच उठते. म्हणजे दोष पेट्रोलचा नव्हे, विजेचा. कुठंतरी जोड सुटत होता आणि परत लागत होता. ठोक्यानं बॅटरीपासून प्लगपर्यंत एकेक तार ओढून, वाकवून, पिरगाळून बघितली. कॉइल तापली की दगा देते, म्हणून ती तापवून बघितली. कंडेन्सर बदलला, पॉइंट घासले, अर्थिंगचा बोल्ट गंज खरवडून आवळला. खात्री असावी म्हणून कार्बोरेटर उघडला आणि टाकीच्या झाकणाचं हवेचं भोकसुद्धा टोचून काढलं. मग ट्रायल मारायला निघायचा आणि खड्डे शोधून शोधून त्यात गाडी घालायचा. बंद पडेल तर शपथ! राणी त्याच्याकडे असली की अशी चालायची, जशी माहेरी आलीय.

"दाजी, माझ्याकडे कुठं बंद पडत नाही," तो प्रत्येक वेळी सांगायचा.

"म्हणजे मी खोटं बोलतो?" दाजी विचारायचे. गाडी घेऊन जायचे. कुठल्यातरी वळणावर ती बंद पडायची, आणि संध्याकाळी भिंत बोलायची. 'तुझा भाऊ मुद्दाम करतो, तुझ्या सांगण्यावरून करतो,' असं ते ओरडतात, हे काकांनी सांगितलं. वड्याचं तेल वांग्यावर काढायचं म्हटलं तरी त्याला काही मर्यादा?

आता या सगळ्यात एक बारीकशी गोष्ट होती, आणि ती ठोक्याच्या लक्षात येणं शक्यच नव्हतं, कारण ती त्याची स्वतःचीच शिस्त होती. गिऱ्हाईक आलं की तो हात पुढे करून म्हणायचा, "किल्ली सुटी करून द्या." घराची, कपाटाची, दुकानाची, काय असतील त्या तुमच्याकडे ठेवा. गाडीची तेवढी सुटी द्या. मग तिला सुतळीत ओवून, पत्र्याचा बिल्ला बांधून खिळ्याला लटकवायची. हा बापाचा नियम. लोकांच्या घराच्या किल्ल्या आपल्या खिळ्यावर नकोत, उद्या कुणाकडे चोरी झाली तर पहिलं बोट आपल्याकडे. बापाचं बाकी सगळं त्यानं मनातून पुसलं होतं. हा नियम मात्र त्यानं डोळे झाकून पाळला.

टेम्पोवाल्याचं नाक फुटलं त्या दिवशी दाजींनी सीट पुसून घेतली, फडकं ठोक्याच्या तोंडावर फेकलं आणि म्हणाले, "आज किल्लीबिल्ली देणार नाही. बस शेजारी. तुझ्या डोळ्यांदेखत बंद पडते की नाही बघ."

"ताई कशी आहे?" ठोक्यानं बसता बसता विचारलं. कितीतरी दिवसांत ती खिडकीतही दिसली नव्हती.

"झोपून आहे. अंगात कणकण आहे. कुणाला भेटत नाही."

दाजींनी गाडी सोडली ती सुसाट. त्यांना शांतपणे चालवणं माहीतच नव्हतं. पुलापर्यंत काही झालं नाही. पुलापलीकडे उताराला एक उंच गतिरोधक होता, त्यावरून राणी उडाली, खाली आदळली आणि मेली. ना खोकला, ना झटका. चाकांचा आवाज तेवढा उरला.

"बघितलंस? बघितलंस ना?" दाजींचं कोपर सणकन आलं आणि ठोक्याच्या नाकावर बसलं. दुसरा फटका मानेवर. तो पुढं कोलमडला, डोकं डॅशवर आदळलं, नाकातून रक्ताची धार लागली. त्याची मूठ आपोआप वळली होती. ती उचलणार, तेवढ्यात त्याला ते दिसलं.

स्टेअरिंगखाली, त्याच्या डोळ्यांसमोर, किल्ल्यांचा एक अगडबंब जुडगा अजून हेलकावे खात होता. अर्धा किलो तरी असेल वजनाला. त्याच्या ओझ्यानं गाडीची किल्ली वाकून एक खटका मागे फिरली होती. बंदच्या खुणेवर.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! स्विच झिजून ढिला झाला होता. गाडी आदळली किंवा जोरात वळली, की जुडगा झोका घ्यायचा आणि किल्ली मागे ओढायचा. इंजिन बंद. दाजी संतापानं किल्ली मागेपुढे पिरगाळायचे, की परत चालू. आणि गॅरेजमध्ये हा शहाणा पहिल्यांदा काय करायचा? किल्ली सुटी करून घ्यायचा! दोष दाराबाहेर ठेवून आत दोष शोधायचा. रोग म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच.

ठोक्याला हसू आलं असतं. पण जुडगा थांबला, आणि त्यातली एक पितळी किल्ली उलटी होऊन वर आली. तिच्या डोक्यावर तिरका ओरखडा होता.

ताईच्या कपाटाची किल्ली. ती दाजींच्या जुडग्यात कशी? तिच्या शेजारी तशाच कुलपांच्या आणखी किल्ल्या, नव्याकोऱ्या, चकचकीत. वखारीला एकच फाटक आणि त्यावर बसलेला राखणदार, हे ठोक्याला ठाऊक होतं. मग हा माणूस एवढी कुलपं लावतो कशाला? ताई झोपून आहे. कुणाला भेटत नाही. हातात हत्यार असलेल्या माणसासमोरही ठोक्या आजवर असा घाबरला नव्हता.

वळलेली मूठ त्यानं मांडीखाली दाबून धरली. दाब रे बाबा, दाब, तो स्वतःला म्हणाला. इथं मारलं तर दार लागलेलंच राहील.

"दाजी, सापडलं," तो रक्त पुसत म्हणाला. "स्विच गेलाय. नवा बसवतो. संध्याकाळच्या आत देतो."

संध्याकाळी शहरात जुन्या गाड्यांची मिरवणूक होती आणि राणीला पहिल्या रांगेत उभं राहायचं होतं. दाजींचा चेहरा एकदम खुलला. गॅरेजवर येऊन ते जुडग्यातून गाडीची किल्ली काढायला लागले. "घे तुझी सुटी किल्ली."

"आज सुटी नको," ठोक्या म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा. "या वजनानंच स्विच झिजलाय. नवा स्विच याच वजनावर बसवून बघायला लागेल. नाहीतर भर मिरवणुकीत बंद पडली तर मला बोलू नका."

दाजी थबकले. जुडगा त्यांनी दोनदा मुठीत आवळला. इकडे मिरवणूक, तिकडे कुलपं. शेवटी राणी जिंकली. त्यांनी जुडगा ठोक्याच्या छातीवर फेकून मारला. "एक किल्ली इकडची तिकडं झाली, तर तुझी बोटं तोडून त्याच कडीत ओवीन," ते म्हणाले आणि समोरच्या सलूनमध्ये दाढी करायला गेले.

ठोक्यानं अर्धा तास बॉनेट उघडून खाटखूट केली. सलूनच्या आरशात दाजींच्या गालांवर साबण चढलेला दिसला, तसं त्यानं बॉनेट आपटलं, चाकाचा जाड पाना सीटखाली टाकला आणि ओरडला, "ट्रायल मारून येतो!" दाजींनी मान न वळवता हात हलवला. ट्रायल तर तो नेहमीच मारायचा.

गल्लीच्या तोंडाशी गतिरोधकावर राणी मेली. त्यानं किल्ली फिरवली, आणि पुढे खड्डा आला की जुडगा डाव्या मुठीत उचलून धरत निघाला. मग ती मेली नाही.

घराच्या पुढच्या दाराची किल्ली सहज लागली. आतल्या दारालाही कुलूप होतं. स्वयंपाकघराला कुलूप, फोनच्या खोलीला कुलूप. माणसाच्या घरात शिरतोय की तुरुंगात, कळेना. शेवटी, मागच्या खोलीच्या दारावर, कडीला लटकलेलं ते थोराड पितळी कुलूप. त्याचंच. ताईच्या वस्तू जपायला दिलेलं. ते बाहेरून लावलेलं होतं.

कुलूप निघालं. खोलीत उजेड नव्हता, खिडकीला आतून फळ्या ठोकलेल्या होत्या, वखारीतल्याच असणार. कोपऱ्यात ताई भिंतीला टेकून बसली होती, डावा हात कसल्यातरी चिंधीनं गळ्यात बांधलेला. दार उघडताच तिनं उजवा हात डोक्यावर घेतला आणि विचारलं, "परत बंद पडली का गाडी?"

ठोक्याला रडू फुटलं. मोठ्यानं, पोरासारखं. "मी आहे ताई. बारक्या."

"तू?" तिनं हात खाली केला. "त्यांनी पाठवलं तुला?"

"उठ. आधी इथून चल."

ती उठत होती, तेवढ्यात बाहेर स्कूटर आपटल्याचा आवाज आला. अर्ध्या दाढीत दाजींना जुडगा आठवला होता. कुणाची तरी स्कूटर हिसकावून ते आले होते. एक गाल तुळतुळीत, दुसऱ्यावर वाळलेला साबण. एरवी हसू आलं असतं अशा ध्यानाला. एकेक उघडं दार बघत ते आत येत होते आणि प्रत्येक दाराला एक एक शिवी घालत होते.

चाकाचा पाना गाडीतच राहिला होता. हे ठोक्याला तेव्हा आठवलं. असा हा आपला शूर वीर.

दाजी खोलीच्या दाराशी आले तसा ठोक्या डोकं खाली घालून त्यांच्या पोटात घुसला. दोघं चौकटीवर आदळले. दाजींनी त्याला मानगुटीला धरून भिंतीवर घासला, त्यानं दाजींच्या मांडीवर गुडघा घातला. ठोसे कुठं पडताहेत ते बघायला कुणी थांबलं नव्हतं. ठोक्यानं आधारासाठी डावा हात चौकटीवर टेकला, आणि दाजींनी दार धरून दाणकन आपटलं. मनगट चिरडल्याचा आवाज ताईला खोलीच्या त्या टोकाला ऐकू आला. ते मनगट पुढं जुळलं, पण वाकडंच. तो गुडघ्यांवर बसला. दाजी त्याच्यावर ओणवे झाले, गळा धरला आणि दाबायला लागले.

"तुझी बोटं तोडणार होतो ना," ते धापा टाकत म्हणाले. "आता आधी तुला, मग तिला."

ताई इतकी वर्षं मध्ये पडत आली होती. पाठ द्यायची तिला सवय होती. त्या दिवशी तिनं पाठ दिली नाही. उघडं कुलूप जमिनीवर पडलं होतं. तिनं ते उचललं, त्याच्या कडीत बोटं घातली आणि सगळ्या अंगाचं वजन टाकून दाजींच्या कानावर हाणलं. मग परत हाणलं. तिसऱ्यांदा हाणलं तेव्हा कानशिलाचं कातडं फाटलं आणि दाजी गळा सोडून खोलीत उताणे पडले. रक्त साबणात मिसळून गालावर ओघळत होतं. ते उठायला बघत होते, हातानं जमीन चाचपत होते, आणि डोळ्यांत राग नव्हता. भीती होती. ती तिथंही राहते हे ताईला आजच कळलं.

ठोक्या धडपडत उठला. त्यानं ताईच्या हातातून कुलूप ओढलं आणि डोक्यावर उगारलं. या घावानं सगळं संपलं असतं, आणि त्याला तेच हवं होतं.

"नको," ताई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "ते दे इकडे. मला लावायचंय."

तिनं त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं, दार लोटलं, कडी घातली, आणि त्या एकाच हातानं कुलूप कडीत अडकवून दाबलं. खट. एकदा ओढून बघितलं. आतून दाजी दारावर आदळले. मग शिव्या, मग धमक्या, मग "अगं ऐक तरी." पलीकडे काकांची भिंत आज भलतंच काही बोलत असणार. ताईनं भावाच्या खिशातून जुडगा काढून घेतला.

बाहेर उन्हात तिला डोळे उघडता येईनात. राणीत बसल्यावर ठोक्याला कळलं, की डावा हात उचलतच नाही. स्टेअरिंग उजव्या हातानं धरता येईल, पण गिअर कोण टाकणार?

"मी टाकते. तू सांग कसा टाकायचा," ताई म्हणाली. तिचा उजवा हात शाबूत होता. दोघांचे मिळून दोन चांगले हात झाले.

"आधी किल्ली सुटी कर ताई."

"काय?"

"जुडग्यातून गाडीची किल्ली काढ. तेवढीच. बाकी ओझं नको."

ती कडी लोखंडाची, कडक. तिची नखं तुटलेली. दातांनी फाकवून तिनं किल्ली काढली. ठोक्यानं ती फिरवली आणि राणी गुरगुरली. "पहिला... आता खाली ओढ, दुसरा. अगं खाली!" गिअर खरखरले, गाडी दचकली, पण निघाली.

पुलाकडे जाताना तो म्हणाला, "ताई, दोष किल्लीत होता. जुडग्याच्या वजनात. मी दर वेळी किल्ली सुटी करून घ्यायचो, म्हणून मला कधी दिसलाच नाही. माझ्यामुळं तुला इतके महिने..."

"गाडी चांगली असती तरी मारलंच असतं रे," ताई म्हणाली. "मीच तुला सांगत बसले, की गाडी नीट कर. मलाही तेच खरं वाटायचं."

गतिरोधक आला. दोघांनीही श्वास रोखला. राणी उडाली, आदळली, आणि चालत राहिली.

"तिसरा टाकू?" ताईनं विचारलं.

दवाखान्याआधी चौकी, असं तिनंच ठरवलं. गाडी थांबली तशी तिची किल्लीही तिनंच काढून मुठीत घेतली. चौकीतल्या पोलीस बाई टेबलामागे बसल्या होत्या. दारातून आत येणारी ही जोडी बघून त्यांचा चहाचा कप हवेतच थांबला. एकाचं मनगट लोंबतंय, नाक फुटलंय. दुसरीचा एक हात चिंधीत आणि दुसरा कोपरापर्यंत रक्तानं माखलेला. ताईनं जुडगा टेबलावर आपटला. काच तडकते की काय असा आवाज झाला.

"हे काय आहे?"

"आमच्या घराच्या किल्ल्या. ही ओरखड्याची पितळी आहे ना, तिनं मागची खोली उघडते. आत माझा नवरा आहे. त्याचं डोकं मी फोडलंय. माझा हात त्यानं मोडलाय, आणि ह्याचा पण. सगळं सांगते. तुम्ही जाताना दोघं तिघं जा, आणि हो, खिडकी उघडणार नाही, फळ्या ठोकल्यात."

बाईंनी कप खाली ठेवला, शिपायाला हाक मारली आणि जुडगा उचलून पारखला. "बाहेर ती लाल गाडी त्याचीच ना? तिची किल्ली दिसत नाही यात."

ताईनं उजवी मूठ पदराखाली घेतली आणि आणखी घट्ट मिटली.

"ती नाहीय त्यात," ती म्हणाली. "ती सुटी करून घेतली."